खेळासाठी मॉनिटर घेताना आधी हलते चित्र पाहा

२००९ च्या सुरुवातीला एनव्हिडिया कंपनीने 'थ्रीडी व्हिजन' नावाचा चष्मा बाजारात आणला. तो डोळ्यांवर चढवला की कॉम्प्युटरवरच्या खेळाला खोली आल्यासारखी वाटे. चष्म्याच्या दोन काचा आळीपाळीने मिटत आणि उघडत. एका क्षणी डाव्या डोळ्याला चित्र दिसे, पुढच्या क्षणी उजव्याला. प्रत्येक डोळ्याला सेकंदाला ६० चित्रे द्यायची तर मॉनिटरने १२० दाखवायला हवी होती, आणि तेव्हाचे बहुतेक एलसीडी मॉनिटर ६० वरच थांबत. म्हणून सॅमसंगने सिंकमास्टर २२३३आरझेड हा २२ इंची मॉनिटर खास १२० हर्ट्झचा काढला. चष्म्याची हौस फार टिकली नाही. २०१९ मध्ये एनव्हिडियाने त्याला दिलेली साथही थांबवली. पण तो मॉनिटर घेणाऱ्यांना चष्मा बाजूला ठेवल्यावरच वेगळे काही जाणवले होते. माऊसचा बाण, खेळात मान वळवल्यावर सरकणाऱ्या भिंती, समोरून धावणारा शत्रू, सगळे न अडखळता सलग हलत होते. थ्रीडी गेले, १२० हर्ट्झ राहिले.

जुन्या खेळाडूंना यात हरवलेले काहीतरी परत मिळाले होते. काचेच्या नळीचे, मागे भलेमोठे पोट असलेले मॉनिटर होते, तेव्हा काउंटर-स्ट्राइक किंवा क्वेक खेळणारी मुले रिझोल्यूशन मुद्दाम ८०० बाय ६०० पर्यंत खाली आणत आणि त्या बदल्यात ८५, १००, कधी त्याहूनही जास्त हर्ट्झ मिळवत. नळीवरचा प्रत्येक ठिपका इलेक्ट्रॉनच्या झोताने क्षणभर उजळून लगेच विझे. त्यामुळे पळत्या वस्तूची कड स्वच्छ दिसायची. मग एलसीडी आला. टेबलावरची जागा मोकळी झाली, वीज कमी लागू लागली, अक्षरे रेखीव झाली, आणि हलते चित्र मात्र बिघडले. 'सुपर स्मॅश ब्रदर्स मेली' हा निन्टेन्डोचा २००१ मधला खेळ आजही अनेक स्पर्धांत जुन्या नळीच्या टीव्हींवर खेळला जातो. त्यामागे गतकाळाची ओढ आहेच, पण ठोस कारणही आहे. त्या टीव्हीवर बटण दाबणे आणि त्याचा परिणाम दिसणे यांत टीव्हीमुळे जवळजवळ काहीच उशीर होत नाही.

गेमिंग मॉनिटर निवडताना नेमकी ही हलत्या चित्राची बाजूच नजरेतून सुटते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचे दुकान असो की ऑनलाइन खरेदीचे पान, गिऱ्हाईक मॉनिटर जोखते ते स्थिर चित्रावरून. रंग किती झगझगीत, स्क्रीन केवढी, कडा किती बारीक. दुकानदारही निसर्गदृश्यांचा संथ व्हिडिओ लावून ठेवतो, त्यात कुठलाही मॉनिटर देखणाच दिसतो. खेळासाठीच्या मॉनिटरची परीक्षा चित्र वेगाने हलू लागल्यावर होते, आणि खोक्यावरचे आकडे त्या परीक्षेबद्दल अर्धेच सांगतात.

त्यातला पहिला आकडा रिफ्रेश रेटचा, म्हणजे मॉनिटर सेकंदाला किती वेळा चित्र ताजे करतो त्याचा. ६० हर्ट्झवर एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकते. १४४ वर ६.९, २४० वर ४.२ आणि ३६० वर २.८. हे अंक शेजारी ठेवले की खरेदीचा एक मोठा निर्णय तिथेच होतो. ६० वरून १४४ वर जाताना दर चित्रामागे जवळजवळ १० मिलिसेकंद वाचतात. १४४ वरून २४० वर जाताना पावणेतीन, आणि २४० वरून ३६० वर गेल्यावर जेमतेम दीड. पहिली उडी घरातल्या न खेळणाऱ्या माणसालाही दिसते, नुसता माऊस हलवून दाखवला तरी. दुसरी सरावलेल्या खेळाडूला कळते. तिसरीसाठी पैसे मोजण्याआधी आपण कोणता खेळ खेळतो आणि किती गंभीरपणे, हे स्वतःला विचारलेले बरे.

माणसाच्या डोळ्याला सेकंदाला २४ पेक्षा जास्त चित्रे दिसतच नाहीत, असे ठासून सांगणारे अजूनही भेटतात. तो आकडा सिनेमाचा आहे, डोळ्याचा नव्हे. बोलपट आल्यावर फिल्मवरची ध्वनिपट्टी एका ठरलेल्या वेगाने फिरवणे भाग पडले आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीस २४ चा वेग रूढ झाला. आवाज बरा यावा आणि फिल्मचा खर्चही झेपावा, अशी ती तडजोड होती. चित्रपटगृहातला प्रोजेक्टर तेव्हाही प्रत्येक चित्र दोनदा किंवा तीनदा उजळून दाखवत असे, नाहीतर पडदा लुकलुकला असता. शिवाय कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रात हालचालीचा पुसटपणा आधीच उतरलेला असतो, आणि प्रेक्षक फक्त पाहत असतो. खेळणारा हाताने चित्र फिरवत असतो. हात वळला आणि चित्र मागे राहिले, तर डोळ्याआधी हातच तक्रार करतो.

आता त्या पुसटपणाकडे जरा नीट पाहायला हवे, कारण गेमिंग मॉनिटरचे मर्म तिथे आहे. १९२० पिक्सेल रुंदीच्या स्क्रीनवरून एक वस्तू बरोबर एका सेकंदात डावीकडून उजवीकडे गेली असे धरू. तिच्यामागे जाणारा डोळा सलग सरकत असतो. मॉनिटर मात्र प्रत्येक चित्र पुढचे येईपर्यंत जागच्या जागी धरून ठेवतो. ६० हर्ट्झवर त्या धरलेल्या वेळात डोळा ३२ पिक्सेल पुढे गेलेला असतो, म्हणून ती वस्तू डोळ्याच्या पडद्यावर ३२ पिक्सेल फासली जाते. १२० हर्ट्झवर हा फराटा १६ पिक्सेलचा होतो, २४० वर ८ चा. मॉनिटरमधले पिक्सेल कितीही चपळ असले तरी यातून सुटका नाही. ओएलईडीचा पिक्सेल जवळजवळ तत्क्षणी रंग बदलतो, पण ६० हर्ट्झवर तोही हलते चित्र पुसटच दाखवतो. हर्ट्झ वाढवायचे, नाहीतर दोन चित्रांच्या मध्ये क्षणभर काळोख करायचा, असे दोनच मार्ग आहेत. दुसरा मार्ग म्हणजे जुन्या नळीचीच नक्कल. काउंटर-स्ट्राइकच्या व्यावसायिक खेळाडूंत लोकप्रिय असलेल्या बेनक्यूच्या झोवी मॉनिटरमध्ये 'डायॲक' नावाने ही सोय असते. स्क्रीनमागचा दिवा दर चित्राला एकदा मिटतो. चित्र रेखीव होते, उजेड थोडा कमी होतो, आणि काहींचे डोळे लवकर थकतात.

याच खेळाडूंची बाकीची निवड पाहिली तर नवख्याला आश्चर्य वाटेल. जगातल्या मोठ्या स्पर्धांत लाखो डॉलरच्या बक्षिसांसाठी खेळणारे हे लोक साधारण २४-२५ इंची, १९२० बाय १०८० चे मॉनिटर वापरतात. त्यातही पुष्कळजण खेळाचे रिझोल्यूशन १२८० बाय ९६० पर्यंत उतरवून चित्र आडवे ताणतात, म्हणजे समोरचा माणूस रुंद दिसतो. सगळी स्क्रीन मान न हलवता नजरेत मावावी आणि फ्रेम, म्हणजे ग्राफिक्स कार्डाने दिलेली चित्रे, कधीही कमी पडू नयेत, एवढेच त्यांना हवे असते. असूसने २०२३ मध्ये ५४० हर्ट्झचा मॉनिटर बाजारात आणला तोही २४ इंचीच. सौंदर्य या खेळाडूंच्या यादीत जवळजवळ नाहीच.

घरी खेळणाऱ्याची यादी निराळी असते आणि ती निराळी असण्यात काहीच कमीपणा नाही. संध्याकाळी दोन तास 'विचर ३' च्या जंगलात घोडा फिरवणाऱ्याला ५४० हर्ट्झचा उपयोग नाही. २०२२ मध्ये आलेला 'एल्डन रिंग' कॉम्प्युटरवर मुळातच सेकंदाला ६० फ्रेमवर बांधलेला आहे. त्यासाठी २४० हर्ट्झचा मॉनिटर घेतला तरी खेळ ६० नेच चालणार. उलट व्हॅलोरंट साध्या ग्राफिक्स कार्डवरही सेकंदाला शेकडो फ्रेम देतो. तिथे वेगवान मॉनिटरचा पैसा वसूल होतो. म्हणून खरेदीची यादी मॉनिटरच्या नावांनी सुरू करू नये. येती दोन-तीन वर्षे जे खेळ प्रत्यक्षात खेळले जाणार आहेत त्यांची नावे आधी लिहावीत.

त्याखालची दुसरी ओळ ग्राफिक्स कार्डची. १९२० बाय १०८० म्हणजे सुमारे २०.७ लाख पिक्सेल. २५६० बाय १४४०, ज्याला बाजारात क्यूएचडी किंवा टूके म्हणतात, म्हणजे ३६.९ लाख. फोरके म्हणजे ८२.९ लाख, पहिल्याच्या बरोबर चौपट. एवढे ठिपके रंगवायचे काम मॉनिटर करत नाही, कार्ड करते. 'सायबरपंक २०७७' मधला पाथ ट्रेसिंगचा, म्हणजे प्रकाशाची वाट गणिताने काढण्याचा, पर्याय चालू केला, तर आरटीएक्स ४०९० सारखे लाखाच्या वरचे कार्डही फोरकेमध्ये बाहेरच्या मदतीशिवाय सेकंदाला ३० फ्रेमच्या खाली घसरते. ती मदत म्हणजे एनव्हिडियाचे डीएलएसएस आणि एएमडीचे एफएसआर. खेळ कमी रिझोल्यूशनमध्ये काढायचा आणि गणिताने मोठा करायचा, अशी ही युक्ती आहे. ती उत्तम चालते, विशेषतः फोरकेमध्ये. तरीही मध्यम किमतीच्या कार्डाला फोरके मॉनिटर जोडणारा माणूस बहुधा खेळाची सेटिंग्ज उतरवण्यातच वेळ घालवतो. एलसीडी पॅनेलवर त्याच्या मूळ रिझोल्यूशनहून कमी चित्र लावले की ते बोथट दिसते, हेही ध्यानात घ्यावे.

आकार आणि रिझोल्यूशन यांचा मेळ डोळ्याला लगेच कळतो. २४ इंचात १०८० पी लावले तर इंचाला साधारण ९२ पिक्सेल पडतात आणि चित्र ठीक दिसते. तेच रिझोल्यूशन २७ इंचावर पसरले की ८२ उरतात. हातभर अंतरावरून अक्षरांच्या कडा दातेरी दिसू लागतात. २७ इंचाला १४४० पी, म्हणजे इंचाला १०९ पिक्सेल, ही जोडी आज सर्वांत समतोल वाटते. खेळ, अभ्यास, ऑफिसचे काम, सगळे त्यावर सुखाने होते आणि मध्यम कार्डही ती पेलते. २७ इंची १०८० पी मॉनिटर स्वस्त मिळतो म्हणून बरेच जण उचलतात. त्या पैशात चांगला २४ इंची घेणे कितीतरी शहाणपणाचे. फोरकेची मजा ३२ इंचावर खुलते. ३४४० बाय १४४० चे अल्ट्रावाइड मॉनिटर गाड्यांच्या शर्यती आणि विमाने उडवण्याच्या खेळांत भान हरपायला लावतात, पण काही स्पर्धात्मक खेळ त्या रुंदीला जास्तीचे दृश्य देत नाहीत.

खोक्यावर सगळ्यांत ठळक छापलेला आणि सगळ्यांत कमी भरवशाचा आकडा म्हणजे '१ एमएस', एक मिलिसेकंद. पिक्सेलला एका छटेवरून दुसऱ्या छटेवर जायला लागणारा हा वेळ. छटांच्या शेकडो जोड्या असतात आणि कंपनीला त्यातली सर्वांत जलद जोडी निवडायची मोकळीक असते. शिवाय हा आकडा गाठायला ओव्हरड्राइव्ह नावाची सेटिंग शेवटच्या पायरीवर न्यावी लागते. त्या पायरीवर पिक्सेल इतका जोरात ढकलला जातो की तो हव्या त्या रंगाच्या पलीकडे जाऊन परत येतो, आणि धावत्या वस्तूमागे उजळ, उलट्या रंगाची सावली उमटते. बहुतेक मॉनिटरवर ओव्हरड्राइव्हची मधली पायरीच सर्वांत चांगली असते. काही वेळा त्याच खोक्यावर एमपीआरटी हे वेगळे माप दिलेले असते. ते दिवा मिटवण्याची सोय चालू करून मोजतात, त्यामुळे दोन मॉनिटरांचे '१ एमएस' एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत.

पॅनेलच्या जातीवरून यापेक्षा खूप जास्त कळते. टीएन पॅनेल चपळ पण रंगाने फिके, बाजूने पाहिले की चित्र उलटेसुलटे दिसणारे. हिटाचीने १९९६ मध्ये पुढे आणलेले आयपीएस तंत्र रंगांना आणि बाजूच्या कोनांना उत्तम. वर्षानुवर्षे ते संथ समजले जाई. २०१९ मध्ये एलजीने २७जीएल८५० हा जलद आयपीएस मॉनिटर आणला, तेव्हापासून हा समज मागे पडला आणि आज मध्यम किमतीत आयपीएस हेच सर्वसाधारण उत्तर आहे. त्याची उणीव काळ्या रंगात. आयपीएसचे काळे अंधाऱ्या खोलीत राखाडी दिसते, कारण उजळ आणि काळ्यातले प्रमाण हजारास एकच्या आसपास असते. व्हीए पॅनेलमध्ये ते तीन हजारास एकपर्यंत जाते, रात्रीची दृश्ये खरोखर रात्रीची वाटतात. पण स्वस्त व्हीए पॅनेलचे पिक्सेल काळ्यावरून गडद राखाडीवर जाताना रेंगाळतात. भुयारात मशाल घेऊन पळताना भिंतीमागे काळा ओघळ येतो. भयकथेच्या खेळांचा शौकीन नेमका याच पॅनेलकडे काळ्या रंगासाठी ओढला जातो आणि नेमके त्याच्याच खेळांत हे सर्वांत जास्त दिसते, म्हणून मुद्दाम सांगायचे.

वेगाच्या खालोखाल महत्त्वाची सोय म्हणजे बदलता रिफ्रेश रेट. मध्यम कार्डवाल्याला तर ती वेगाहूनही जास्त उपयोगी. ग्राफिक्स कार्ड घड्याळाच्या ठोक्याला फ्रेम देत नाही. मोकळ्या माळावर ११० मिळतात, स्फोट झाला की ५८ वर येतात. मॉनिटर आपल्या ठरलेल्या ठोक्याने चालत असेल तर एका चित्राच्या अर्ध्यात दुसरे घुसते आणि दोन फोटो कापून वेडेवाकडे चिकटवावेत तशी स्क्रीन आडवी फाटते. जुना उपाय व्ही-सिंकचा. त्यात कार्डाला मॉनिटरसाठी थांबवतात, फाटणे जाते पण उशीर आणि अडखळणे येते. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये एनव्हिडियाने जी-सिंक जाहीर केले आणि क्रम उलटला. आता मॉनिटर कार्डासाठी थांबू लागला. त्यासाठी मॉनिटरमध्ये एनव्हिडियाचे स्वतंत्र सर्किट बसवावे लागे आणि किंमत चढे. पुढे मॉनिटरांची मानके ठरवणाऱ्या व्हेसा संस्थेने ॲडॅप्टिव्ह-सिंक हे खुले मानक स्वीकारले, आणि एएमडीने त्यावर फ्रीसिंक उभे केले. पाच-सहा वर्षे ग्राहक दोन कंपन्यांच्या भिंतीत अडकला होता. एनव्हिडियाचे कार्ड असेल तर महाग जी-सिंक मॉनिटरच घ्या. जानेवारी २०१९ मध्ये ती भिंत पडली. एनव्हिडियाने आपली कार्डे खुल्या मानकाच्या मॉनिटरवरही चालू दिली. त्या वेळी कंपनीने असे ४०० मॉनिटर तपासल्याचे सांगितले होते आणि आपल्या कसोटीला उतरलेले म्हणून फक्त १२ ची नावे दिली.

त्या बारांची यादी नंतर खूप लांबली, पण धडा लागू आहे. फ्रीसिंकचा शिक्का असणे पुरेसे नाही, ती सोय किती हर्ट्झपासून किती हर्ट्झपर्यंत चालते ते पाहावे. सुरुवातीच्या स्वस्त मॉनिटरांत ही पट्टी ४८ ते ७५ एवढीच असे. कार्ड ४५ वर घसरले की सोय बंद आणि फाटणे परत सुरू. वरची मर्यादा खालच्या मर्यादेच्या दुपटीहून बरीच जास्त असेल, समजा ४८ ते १४४, तर कमी फ्रेमच्या वेळी मॉनिटर एकच चित्र दोनदा दाखवून निभावून नेतो. हा तपशील खोक्यावर क्वचित असतो. कंपनीच्या संकेतस्थळावरच्या तपशीलपत्रात किंवा चांगल्या परीक्षणात तो सापडतो, आणि शोधण्याचे कष्ट सार्थकी लागतात.

एचडीआरच्या नावाखाली मात्र ग्राहकाची सर्रास निराशा होते. उजेड आणि अंधार एकाच दृश्यात खरे वाटावेत हा त्याचा हेतू. त्यासाठी स्क्रीनचा एक कोपरा लखलखीत आणि दुसरा काळाकुट्ट करता यायला हवा. व्हेसाने डिसेंबर २०१७ मध्ये डिस्प्लेएचडीआर नावाच्या पायऱ्या आणल्या. त्यातल्या सर्वांत खालच्या, ४०० च्या पायरीला मागचा दिवा भागाभागांत मंद करण्याची अटच नाही. म्हणजे तारा उजळला की सगळे आकाश उजळते. असा शिक्का फुकट मिळत असेल तर असू द्यावा, त्यासाठी जास्त पैसे देऊ नयेत. खरा फरक शेकडो स्वतंत्र दिव्यांच्या मिनी-एलईडीत किंवा ओएलईडीत दिसतो.

ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतःच पेटतो आणि स्वतःच विझतो. या तंत्राची पायाभरणी कोडॅक कंपनीत चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी केली. त्यांचा शोधनिबंध १९८७ चा. गेमिंग मॉनिटरमध्ये ते खऱ्या अर्थाने पोहोचले २०२२ मध्ये, डेलच्या एलियनवेअर एडब्ल्यू३४२३डीडब्ल्यूमधून. ३४ इंच, १७५ हर्ट्झ, आणि सॅमसंग डिस्प्लेचे क्यूडी-ओएलईडी पॅनेल. त्यातल्या क्वांटम डॉट म्हणजे अतिसूक्ष्म रंगकणांच्या शोधासाठी पुढच्याच वर्षी रसायनशास्त्राचे नोबेल दिले गेले. हलते चित्र आणि काळा रंग, दोन्हींत आज याच्या तोडीचे काही नाही, आणि ज्याला परवडते त्याने एकदा शेजारी ठेवून पाहावेच.

पण घेण्यापूर्वी आपली खोली पाहावी. क्यूडी-ओएलईडीवर वरचा पोलरायझर, म्हणजे बाहेरचा उजेड शोषणारा थर, नसतो. खिडकीतून ऊन येणाऱ्या किंवा डोक्यावर ट्यूबलाइट असलेल्या खोलीत त्याचे काळे जांभळट राखाडी दिसते, म्हणजे ज्या गुणासाठी पैसे मोजले तोच दिवसा हरवतो. दुसरी काळजी डाग पडण्याची. विंडोजची खालची पट्टी, खेळातला कोपऱ्यातला नकाशा, अशा तासन्‌तास न हलणाऱ्या गोष्टींखालचे पिक्सेल लवकर झिजतात. दिवसा आठ तास एक्सेल आणि रात्री दोन तास खेळ असा वापर असेल तर चांगला आयपीएस सुखरूप. ओएलईडी घ्यायचाच असेल तर वॉरंटीत डाग पडणे धरले आहे का आणि ती भारतात लागू आहे का, हे लेखी तपासावे. अनेक कंपन्या तीन वर्षांपर्यंत ते धरतात, सगळ्या नाहीत.

प्लेस्टेशन ५ जोडायचे असेल तर प्रश्न जोडणीचा होतो. त्यावर सेकंदाला १२० फ्रेम फोरकेमध्ये हव्या असतील तर एचडीएमआय २.१ लागते, आणि बदलता रिफ्रेश रेटही फक्त त्याच जोडणीवर चालतो. १४४० पी ची सोय सोनीने सप्टेंबर २०२२ मध्ये दिली, त्याआधी असे मॉनिटर घेतलेल्यांना १०८० पी वर समाधान मानावे लागत होते. एक्सबॉक्स सिरीज एक्स याबाबतीत पहिल्यापासून उदार. खोक्यावर '२.१' छापले म्हणजे सगळे आले असेही नाही. त्या मानकातली बरीच वैशिष्ट्ये ऐच्छिक आहेत, म्हणून 'फोरके १२० हर्ट्झ' हे शब्द स्पष्ट लिहिलेले पाहावेत.

मागचे रंगीत दिवे आणि मॉनिटरमधले स्पीकर यांवर विचार खर्चू नये. वक्र स्क्रीन ३४ इंचांवर उपयोगी, २४ वर नुसती शोभा. उंची वरखाली होणारा स्टँड मात्र मानेसाठी महत्त्वाचा, आणि नसेल तर मागे भिंतीच्या किंवा टेबलाच्या दांड्यासाठी व्हेसाची चार भोके आहेत ना, ते पाहावे. ३२ इंचांहून मोठ्या मॉनिटरवर आपल्याकडे २८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून लहानांप्रमाणेच १८ टक्के झाला. जुन्या किमतींशी तुलना करताना हे लक्षात ठेवावे.

दुकानात मॉनिटर चालू करून घेतला की संथ व्हिडिओ बंद करायला सांगावा. अक्षरांनी भरलेली एखादी खिडकी माऊसने धरून डावीकडून उजवीकडे वेगात फिरवावी आणि फिरत असतानाच ती वाचता येते का पाहावे. ब्लर बस्टर्स या संकेतस्थळाची उडत्या तबकडीची चाचणी ब्राउझरमध्ये फुकट उघडते. ६० आणि १४४ मधला फरक, ओव्हरड्राइव्हची सावली, दोन्ही ती मिनिटभरात दाखवते. मग एखादे अंधारे दृश्य लावावे, व्हीएचा ओघळ तिथे उघडा पडतो. ऑनलाइन घेतला असेल तर हीच पाहणी पहिल्याच दिवशी करावी. काळी, पांढरी, लाल, हिरवी, निळी अशी एकरंगी स्क्रीन लावून मेलेले पिक्सेल शोधावेत. एक-दोन बिघडलेले पिक्सेल अनेक कंपन्या वॉरंटीत दोष मानत नाहीत, दुकानाची परत घेण्याची मुदत हीच तेव्हा कामाला येते.

घरी आणल्यावर एक गोष्ट हमखास राहून जाते. केबल जोडली, चित्र आले, खेळ सुरू झाला, आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर महिनोन्‌महिने ६० वरच चालत राहतो, कारण विंडोज पुष्कळदा तेवढ्यावरच थांबते. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले आणि मग ॲडव्हान्स्ड डिस्प्ले उघडून तिथला आकडा हाताने बदलावा लागतो. केबल मदरबोर्डला न जोडता ग्राफिक्स कार्डाला जोडलेली असावी, शक्यतो डिस्प्लेपोर्टची. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत फ्रीसिंक किंवा ॲडॅप्टिव्ह-सिंक चालू करावे, तिथेही ते कित्येकदा बंदच असते. शेवटी खेळात किंवा कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेमची मर्यादा मॉनिटरच्या वेगाहून तीनेक फ्रेमने खाली ठेवावी, १४४ हर्ट्झला १४१. म्हणजे कार्ड मॉनिटरच्या पुढे पळत नाही, बदलता रिफ्रेश रेट सुटत नाही आणि हाताला जाणवणारा उशीरही वाढत नाही.